मेसेज डिलीट केला, आता त्या माणसाशी बोलायचं काय?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधेच वाचायला आलेल्यांनाही कळेल. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांचा सातशे लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, तुम्ही अ‍ॅडमिन. एका कृषी सेवा केंद्रवाल्याने तेल्यावर, म्हणजे डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगावर, "शंभर टक्के खात्री" असं लिहून बाटलीचा फोटो, किंमत आणि मोबाईल नंबर टाकला. तुम्ही डिलीट केला, त्याने परत टाकला, तुम्ही त्याला काढून टाकलं. दोन दिवसांत चाळीसेक लोक बाहेर पडले, त्यांचा वेगळा ग्रुप झाला आणि तुमच्या नावाने "हुकूमशहा" म्हणून स्क्रीनशॉट फिरतायत. तुम्ही विचारताय की कारण सांगत बसलं तर वाद वाढतो, नाही सांगितलं तर मनमानी म्हणतात, मग अ‍ॅडमिनने करायचं काय.

मी निफाड तालुक्यातला, द्राक्षवाला. आमचा ग्रुप २०१७ पासून आहे. तेव्हा एका ग्रुपात २५६ च माणसं मावायची म्हणून आमचे चार ग्रुप होते, मग २०२२ मध्ये मर्यादा १०२४ झाली तेव्हा सगळे एकत्र केले, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. म्हणजे मी जे सांगतोय ते चुकून चुकून शिकलेलं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. आणि आधीच सांगतो, बरंचसं तुमच्या ग्रुपवर अवलंबून आहे. सगळे एकमेकांना तोंडाने ओळखतात का, की निम्मे लिंकवरून आलेत? भांडण झालं तर त्याच दुकानात उधारीवर औषध आणायला जायचंय का? पुण्या-मुंबईच्या अनोळखी लोकांच्या ग्रुपात जे चालतं ते आपल्याकडे चालत नाही, कारण आपल्याकडे काढून टाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजार समितीत समोर उभा असतो.

माझ्या मते तुमचा प्रश्न "कारण द्यायचं की नाही" हा नाहीच. कारण द्यायचंच. प्रश्न असा आहे की कुणाला आधी, किती मोठ्याने, आणि कुठल्या शब्दांत. एक मेसेज तुम्ही उडवता तेव्हा ऐकणारे दोन असतात, एक ज्याचा मेसेज गेला तो आणि दुसरे ते सातशे जण जे बघतायत पण बोलत नाहीत. दोघांना सांगायची गोष्ट वेगळी असते. आपण काय करतो, दोघांना एकच मोठा मेसेज ग्रुपवर टाकतो. तिथे गाडी घसरते.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आमच्याकडे गारपीट झाली ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. त्या रात्री ग्रुपवर नुसता कल्लोळ. कुणाचे घड फुटलेले, कुणाच्या काड्या सोललेल्या, जो तो विचारतोय आता काय मारू. आमच्यात एक नाना आहेत, सत्तरीच्या पुढचे, पन्नास वर्षं बाग करतायत, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी रात्री साडेदहाला बोर्डोचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचं, प्रमाण टाकलं. शंभर लिटर पाणी, पाचशे ग्रॅम मोरचूद, पन्नास ग्रॅम चुना. पन्नास! एक शून्य राहिलं होतं, बोट घसरलं असणार. आता बोर्डोत चुना कमी पडला की द्रावण आम्ल राहतं आणि पानं भाजून निघतात, हे नानांनीच आम्हाला शिकवलेलं. विळ्याचं पातं द्रावणात बुडवायचं, त्यावर तांबडा थर चढला तर चुना अजून टाक. पण नवीन पोरं विळा बुडवत नाहीत, मोबाईल बघून टाकीत टाकतात.

मी घाबरलो आणि डिलीट केला. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज उडवायची सोय नुकतीच वर्षभरापूर्वी आलेली. उडवला आणि झोपलो, दिवसभर बागेत होतो, डोळे मिटत होते. तो मेसेज कुणी उडवला ते माझ्या नावासकट सगळ्यांना दिसत होतं, पण त्यात काय होतं ते निम्म्यांनी वाचलंच नव्हतं.

सकाळी बघतो तर काय, पोरांच्यात चर्चा अशी की नानांनी रात्री काहीतरी "तसला" व्हिडिओ टाकला आणि अ‍ॅडमिनने उडवला. सत्तरीच्या माणसाबद्दल! नाना त्या दिवशी चहाच्या टपरीवर आले नाहीत. त्यांच्या सुनेने माझ्या बायकोला विचारलं की भाऊजींनी असं का केलं. वर आणखी एक गोष्ट झाली जी जास्त वाईट होती. दोघांनी डिलीट व्हायच्या आधीच प्रमाण वहीत उतरवून घेतलं होतं, आणि चुकीचं आहे हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. एकाचा सकाळी सातला सहज फोन आला म्हणून त्याची टाकी वाचली.

म्हणजे बघा, एका डिलीटमध्ये मी दोन्हीकडून मार खाल्ला. ज्याला खासगीत सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नाही आणि ग्रुपला जे ओरडून सांगायला हवं होतं तेही सांगितलं नाही. मग मी नानांच्या घरी गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, फोन नव्हता का तुझ्याकडे?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तिथून आम्ही तिघा अ‍ॅडमिननी बसून ठरवलं की प्रत्येक वेळी आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, हा मेसेज वाचून कुणाचं नुकसान आधीच होऊन बसलंय का? चुकीचं प्रमाण, खोटी सरकारी योजना, पैसे मागणारी लिंक, यात डिलीट करणं पुरेसं नसतं, कारण वाचणाऱ्यांनी वाचलेलं असतं आणि फोटो असेल तर तो त्यांच्या गॅलरीत जाऊन बसलेला असू शकतो. अशा वेळी ग्रुपवर लगेच दुरुस्ती टाकायची, पण माणसाचं नाव न घेता. "साडेदहाच्या सुमारास बोर्डोचं प्रमाण आलं होतं, त्यात चुन्याचा आकडा टाइप करताना चुकलाय. पाचशेला पन्नास नाही, पाचशेला पाचशे. उतरवून घेतलं असेल तर बदला." बस. आणि हे टाकायच्या आधी, आधी म्हणतोय मी, त्या माणसाला फोन. दोन मिनिटं लागतात. शक्य असेल तर त्यालाच दुरुस्ती टाकायला सांगायचं. नानांना मी फोन केला असता तर त्यांनी स्वतःच "अरे शून्य राहिलं बघा" म्हणून हसून टाकलं असतं आणि विषय संपला असता.

जाहिरात, राजकारण, देवाचे फॉरवर्ड, गुड मॉर्निंग, असल्यांत नुकसान काही होत नाही, फक्त कचरा होतो. त्यात ग्रुपला काहीच सांगायचं नाही, फक्त त्या माणसाला खासगीत. निवडणुकीच्या दिवसांत एकदा सगळ्यांना मिळून आठवण करून देतो, बाकी नाही. राहता राहिली शिवीगाळ, ती सगळ्यांच्या देखत झालेली असते म्हणून तिथे दोन्ही लागतं, माणसाशी फोनवर आणि ग्रुपवर एक ओळ की विषय थांबवलाय.

तुमच्या दुकानदाराचं प्रकरण म्हणाल तर ते जाहिरातीतच येतं, पण त्यात "शंभर टक्के खात्री" हा दावा आहे, म्हणून थोडं नुकसानीतही येतं. म्हणजे खासगीत बोलणं आणि ग्रुपवर एक ओळ, दोन्ही हवं होतं. तुम्ही दोन्ही सोडून तिसरंच केलंत, डायरेक्ट काढलंत. रागावू नका, मीही हेच केलेलं आहे.

आता शब्द. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही त्याला पाठवलेला मेसेज प्रश्नात दिलाय तो असा, "ग्रुपच्या नियमांचे उल्लंघन केल्याबद्दल आपणांस ग्रुपमधून काढण्यात आले आहे, कृपया नोंद घ्यावी." आणि पुढे हात जोडलेला इमोजी. भाऊ, ही तलाठी कार्यालयाची नोटीस झाली. काढण्यात आले म्हणजे कुणी काढलं? तुम्हीच ना? मग "मी काढलं" म्हणा. कुठला नियम? काय उल्लंघन? आणि काल-परवापर्यंत ज्याला "काय रे पाहुण्या" म्हणत होतो त्याला अचानक "आपणांस" म्हटलं की ते आदराचं राहत नाही, दाराला कडी लावल्यासारखं वाटतं. आपल्या भाषेत भांडणातला "आपण" हा शिवीपेक्षा जास्त लागतो. "कृपया नोंद घ्यावी" तर मी कायमचं सोडलंय. आणि तो हात जोडलेला इमोजी डिलीट केल्यावर पाठवला की टोमणा वाटतो, पाठवणाऱ्याच्या मनात असो नसो.

मी आता साधारण असं लिहितो, हा खराच पाठवलेला मेसेज आहे, फक्त नाव काढलंय (लेबल क्लेम म्हणजे ते औषध त्या पिकावर वापरायची लेबलवरची मंजुरी):

"भाऊ, राम राम. तुमची सकाळची टॉनिकची पोस्ट मी काढली. त्यात 'काढणीला आलेल्या बागेत चालतं' असं होतं, पण बाटलीवर द्राक्षाचं लेबल क्लेम दिसत नाही. शिवाय किंमत आणि नंबर होता, तो आपण फक्त रविवारी टाकू देतो. ते वाक्य काढून रविवारी टाका, मी हात लावणार नाही. मला चुकीचं दिसलं असेल तर लेबलचा फोटो पाठवा, मी परत बघतो."

यात काय आहे बघा. कुणी केलं ते आहे. नेमकं कुठलं वाक्य नडलं ते आहे. काय केलं तर तीच पोस्ट राहील ते आहे. आणि माझं चुकलं असेल तर दार उघडं आहे. काय नाही ते पण बघा, तो माणूस कसा आहे यावर एक शब्द नाही. "तुम्ही नेहमीच असं करता", "तुम्हाला फक्त धंदा दिसतो", हे मनात येतं, शंभर वेळा येतं, पण लिहायचं नाही. पोस्टबद्दल बोललं की माणूस पोस्ट दुरुस्त करतो. माणसाबद्दल बोललं की तो माणसं गोळा करतो. तुमचे चाळीस असेच गेलेत.

त्या टॉनिकवाल्याने लेबलचा फोटो पाठवला नाही, पण रविवारी नीट पोस्ट टाकली. आजही टाकतो.

नियमामागचं कारण सांगताना ते लोकांच्या आठवणीतलं सांगा. आमच्याकडे फळात राहणाऱ्या औषधाच्या अंशाबद्दल एवढी कडक भूमिका का, तर २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या आपल्या सीसीसीचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि एक्स्पोर्टवाल्यांचे हाल झाले. आमच्या भागात चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला ते वर्ष आठवतं. "सीसीसीचं वर्ष परत आणायचंय का" एवढं म्हटलं की नियमाची कलमं वाचून दाखवावी लागत नाहीत. तुमच्याकडे तेल्याने आणि मर रोगाने बागा काढाव्या लागलेली माणसं असतीलच, कुठल्यातरी खात्रीच्या औषधावर पैसे घालवलेली पण असतील. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांच्या शिफारशीत असेल ते चालेल, नसेल ते "माझा अनुभव" म्हणून लिहा पण "खात्री" म्हणू नका, असा नियम ठेवला तर तो कुणालाही पटेल. मुख्य म्हणजे मग वाद तुमचा आणि दुकानदाराचा राहत नाही.

आणि खोटं कारण कधीच देऊ नका. बरेच अ‍ॅडमिन लिहितात की "असलं टाकू नका, केस अ‍ॅडमिनवर होते." ऐकायला सोपं, पण पुरतं खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचं आधीपासून संगनमत असल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. मेसेज पडण्याआधी तो अडवायची सोय अ‍ॅडमिनकडे नसते, हा त्यातला मुद्दा होता. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये साधारण हेच सांगितलं. आता तुमच्या सातशेत एखादा वकील असणारच, किंवा वकिलाचा मेव्हणा. त्याने हे काढून दाखवलं की तुमची बाकीची खरी कारणंही लोक खोटी धरतात. आम्हाला नको आहे म्हणून काढलं, हे कारण खरं असेल तर तेच सांगा.

मोठ्या कंपन्यांना तर सरकारनेच हे बंधन घातलंय. २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांच्या वर वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मनी नियमभंगावरून स्वतःहून मजकूर काढला तर आधी त्या माणसाला कळवायचं, कारण द्यायचं आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यायची असं आहे. आपल्या सातशेच्या ग्रुपला हे लागू नाही. पण मराठी विकिपीडियावर बघा, तिथे प्रचालक (तिथला अ‍ॅडमिन) एखाद्याला रोखतो तेव्हा त्याचं कारण नोंदीत राहतं, कुणीही वाचू शकतं, आणि रोखलेल्या माणसाला सहसा स्वतःच्या चर्चा पानावर आपलं म्हणणं मांडता येतं. फुकट काम करणारी माणसं हे करू शकतात तर आपणही करू शकतो, एवढंच.

आम्ही यातून एक वही चालू केली. खरीखुरी वही, दोनशे पानी. तारीख, कुणाची पोस्ट, काय काढलं, का, कुणी सांगितलं, फोन की मेसेज. सुरुवातीला मला पोरखेळ वाटला होता. पण सहा महिन्यांनी वही चाळली तेव्हा लाज वाटली, माझ्या भाऊबंदांच्या तीन जाहिराती मी "असू दे" म्हणून सोडल्या होत्या आणि पलीकडच्या गावच्या एकाची तशीच जाहिरात काढली होती. लोक पक्षपात म्हणत होते ते खरंच होतं की! ग्रुपवर मी तो आरोप दोनदा झटकून टाकला होता. तिसऱ्या वेळी मान्य केला, दोन ओळीत, "वही बघितली, बरोबर बोलताय, आजपासून सगळ्यांना रविवार." त्यानंतर आठवडाभर ग्रुप इतका शांत होता की मला वाटलं नेट बंद पडलंय.

तक्रार आली तर ज्याने डिलीट केलं त्याने उत्तर द्यायचं नाही, हेही वहीमुळेच सुचलं. माझ्या निर्णयावरची तक्रार दुसरा अ‍ॅडमिन ऐकतो, आणि त्याने निर्णय फिरवला तर मी ग्रुपवर हूं का चूं करायचं नाही. अवघड जातं, खोटं कशाला बोलू. पण समोरच्याला वेगळा माणूस ऐकतोय म्हटल्यावर निम्मा राग तिथेच जातो. तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन असाल तर आधी दुसरा शोधा, शक्यतो वेगळ्या गावचा आणि वेगळ्या पार्टीचा.

काढून टाकणं हे आमच्याकडे शेवटचं. काढल्याचं सगळ्यांना दिसतं, अमुकने तमुकला काढलं म्हणून, आणि ती ओळ म्हणजे भर बाजारात टोपी उडवल्यासारखी आहे. एखादा स्वतःहून बाहेर पडला तर आता नोटिफिकेशन फक्त अ‍ॅडमिनला येतं, बाकीच्यांना नाही. म्हणून फारच झालं तर मी आधी फोनवर म्हणतो, भाऊ तुमचं आमचं जमत नाहीये, तुम्ही स्वतःच बाहेर पडा, मी कुणाला काही बोलणार नाही. दोनच वेळा वेळ आली, दोघंही गेले, दोघंही अजून बोलतात माझ्याशी. पैसे उकळणारी लिंक टाकणारा, अनोळखी नंबर वगैरे असेल तर अर्थातच हे लाड नाहीत, काढायचा आणि ग्रुपला सांगायचं.

स्क्रीनशॉटचं एक. खासगीत लिहिलेलं खासगी राहत नाही हे धरूनच चाला. मी टाइप करून झालं की एकदा वाचतो, हे उद्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवलं तर मला चालेल का? चालत नसेल तर खोडतो. व्हॉइस मेसेज तर रागात असताना पाठवूच नका, आवाज खोडता येत नाही. आणि रात्री दहानंतर डिलीट हवं तर करा, पण भांडणाला उत्तर सकाळी.

आता तुमचं चालू प्रकरण. ग्रुपवर आता मोठं स्पष्टीकरण टाकू नका, जे राहिलेत त्यांना त्याची गरज नाही आणि जे गेलेत त्यांना ते फॉरवर्ड होऊन अर्धवटच पोचेल. दुकानदाराला फोन करा, जमलं तर दुकानात जा. काढण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं होतं, ते माझं चुकलं, एवढं म्हणा. पोस्ट काढली ते चुकलं असं म्हणू नका, कारण ते चुकलेलं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मग जाहिरातीचा एक वार ठरवा, त्यालाच विचारा कुठला सोयीचा. परत यायचं का तेही विचारा, न विचारता ॲड करू नका. त्याचं उत्तर काहीही असो, ग्रुपवर नियम चार ओळींत टाका आणि पिन करा, त्याचं नाव नाही, झालेल्या भांडणाचा उल्लेख नाही.

चाळीस जण येतील का? सगळे येणार नाहीत. आमच्याकडूनही एकदा असेच अकरा जण गेले होते, त्यातले सहा आले, तेही छाटणीच्या वेळी, गरज लागल्यावर. बाकीच्यांचा ग्रुप अजून आहे, गुड मॉर्निंग चालतं तिथे. नाना आमच्यातच आहेत. दर हंगामात बोर्डोचं प्रमाण तेच टाकतात आणि टाकायच्या आधी मला फोन करून विचारतात, "शून्यं मोज रे." हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायच्या डाळिंबाच्या बहाराचं, पाणी सोडायच्या आधी दुकानदाराकडे जाऊन या, एकदा फवारण्या सुरू झाल्या की त्यालाही वेळ नसणार आणि तुम्हालाही.